मोठ्या अक्षरातलं मराठी पवित्र शास्त्र (बायबल) : दीड वर्ष वापरल्यावर

आधी वजन सांगतो. गावातल्या किराणा दुकानात काट्यावर ठेवलं, तर कव्हरासकट दोन किलोला शंभर ग्रॅम कमी भरलं. दुकानदार म्हणे, "काकाजी, इतकी तर तुम्ही महिन्याची तूरडाळ नेत नाही." तेव्हा खाटेवर उताणं पडून छातीवर धरून वाचायचा विचार असेल तर सोडून द्या. मी एकदा तसं करून पाहिलं, डुलकी लागली आणि पुस्तक नाकावर आलं. याला टेबल तरी पाहिजे, नाहीतर मांडीवर उशी. मी गव्हाच्या कोठीवर ठेवतो आणि स्टुलावर बसून वाचतो. कोठीची उंची बरोबर जमते.

मी एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालो. यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या अलीकडे गाव आहे, चार एकर कोरडवाहू आहे, कापूस आणि तूर. पुस्तकांतलं मला फार कळतं असं नाही, पण कागद कळतो. मशीन येण्याआधी ट्रेमधून तिकिटं फाडायची असायची. एकाच्या जागी दोन गेली तर पैसे आपल्या खिशातून. त्यामुळे या पुस्तकाचं पान उलटताना एक आलं की दोन, हे बोटाला आपोआप समजतं. तुम्हाला तशी सवय नसेल तर पहिले काही दिवस त्रास होईल. कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा आहे. शिवाय कडा सोनेरी, आणि नव्यापणी त्या सोनेरी रंगाने पानं एकमेकांना धरून बसतात. एकेक पान सोडवलं की चर्र आवाज होतो. घाई करू नका. मी स्तोत्रसंहितेपाशी घाई केली, एक कोपरा गेला.

पापुद्र्याचा दुसरा तोटा म्हणजे मागची ओळ पुढे दिसते. दिवसा उजेडात कळत नाही, रात्री दिव्यासमोर धरलं की कळतं. मी पानाखाली काळा कागद सरकवतो. शाळेच्या वहीचं कव्हर आहे, चालतं.

अक्षर मात्र, काय सांगू. मुगाच्या दाण्याएवढं एकेक. जोडाक्षरं मोकळी, रफार आणि अनुस्वार वेगळे दिसतात, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीत गोंधळ होत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही डाव्या डोळ्याने मला वर्तमानपत्राचं फक्त हेडिंग दिसतं. हे पुस्तक मी चष्मा लावून हातभर अंतरावरून वाचतो. पैसे दिले ते याचेच, आणि ते वसूल झाले.

आता घेतलं कशासाठी, ते सांगावंच लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझे वडील यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत माळीकाम करायचे. ती सेमिनरी, म्हणजे पाळकांचं शिक्षण देणारं कॉलेज, १९५३ मध्ये तिथं सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. वडिलांकडे एक जुनं पवित्र शास्त्र होतं, बारीक अक्षराचं. ते त्यांनी मला दिलं आणि मी कपाटात ठेवलं. मी जन्मापासून ख्रिस्ती. संडे स्कूल झालं, बाप्तिस्मा झाला, मंडळीत खजिनदार होतो सहा वर्षं. पण खरं विचाराल तर मी ते पुस्तक स्वतः कधी वाचलं नाही. रविवारी पाळकसाहेब वाचायचे, आणि रोज संध्याकाळी जेवणाआधी बायको वाचायची. मी ड्यूटीवरून आलेलो, पाय लांब करून ऐकायचो. कधी तिच्या आवाजावरच झोपायचो. चाळीस वर्षं मी देवाचं वचन दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं.

ती गेली श्रावणात. मयतीच्या प्रार्थना झाल्या, तेराव्याला नातेवाईक विचारायला आले की तुमच्यात काय करतात, मग तेही गेले. संध्याकाळी साडेसातला घर असं शांत व्हायचं की फ्रिजचा आवाज ऐकू यायचा. मुलगा पुण्याला. त्याने फोनमध्ये फुकटचं ॲप टाकून दिलं, बटण दाबलं की मराठीत वाचून दाखवतं. ॲप वाईट नाही, ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांनी तेच घ्यावं. पण एक तर आमच्या घरात टॉवर मिळतो फक्त न्हाणीपाशी. दुसरं, तो माणूस फार छान वाचतो. कुठं अडत नाही, खोकत नाही, "थांबा, दूध उतू गेलं" म्हणत नाही. मला ते सहन होईना. आणि मधेच कर्जाची जाहिरात टुंग करून यायची.

म्हणून नागपूर. सदरमधल्या एका दुकानात गेलो. सदर म्हणजे ऑल सेंट्स कॅथेड्रलचा भाग. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. आम्ही फ्री मेथडिस्ट, त्यात नव्हतो, पण वडील तो दिवस नेहमी सांगायचे. दुकानदाराने तीन प्रकार काढून ठेवले. एक सोप्या भाषेतलं, एक नेहमीच्या भाषेतलं मध्यम अक्षर, आणि हे. "सोपं न्या काकाजी, आजकाल तेच खपते," म्हणाला. मी दोन्हीतलं तेविसावं स्तोत्र उघडलं. सोप्यात अर्थ पटकन लागतो, खरं आहे. पण "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" यातलं "उणे" तिच्या तोंडातलं होतं. मी नेहमीच्याच भाषेतलं घेतलं. नवीन वाचणाऱ्याने सोपं घ्यावं, माझं ऐकू नये. दुकानदाराने बिलावर किंमत छापील लावली आणि कव्हराचे वेगळे घेतले, ते मला आवडलं नाही. कव्हर त्यातच असतं हे मागून कळलं. सगळं धरून हजाराच्या आत पडलं.

या भाषेचंही मूळ पाहायला गेलं तर आपल्याकडे येतं. विल्यम कॅरी या मिशनरी साहेबांनी बंगालातल्या सेरामपूरला १८११ मध्ये मराठी नवा करार छापला, तेव्हा त्यांच्या हाताशी नागपूरचे पंडित वैजनाथशास्त्री होते. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं शास्त्र साध्या मराठीत आणलं. बायकांना कळलं पाहिजे हा त्यांचा हट्ट. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या, छापील पुस्तक बाहेर आलं १९२४ मध्ये. आणि ना. वा. टिळकांची गोष्ट तर मला कंडक्टर म्हणून फार जवळची. १८९३ मध्ये नाशिकहून राजनांदगावला रेल्वेने जाताना डब्यात एका गोऱ्या साहेबाने त्यांच्या हातात नवा करार दिला. दोन वर्षांनी, १८९५ मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रवासात माणूस शेजारच्या सीटवर काय ठेवून जाईल याचा नेम नसतो. माझ्या गाडीत लोक छत्र्या विसरायचे.

पहिल्या रात्री मी वाचायला बसलो तर वाचता येईना. अक्षर दिसत होतं, पण जीभ वळत नव्हती. "नीतिमत्त्वाच्या" या शब्दावर तीनदा अडलो. मग बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखं, मोठ्याने वाचायला लागलो. घरात माझाच आवाज. विचित्र वाटलं. हे पुस्तक मधोमध उघडलं की बहुतेक वेळा स्तोत्रं निघतात. दीडशे आहेत. मला वाटायचं स्तोत्र म्हणजे स्तुती. आपण गातो ती तेवढीच. पाच-सहा दिवसांनी अठ्ठ्याऐंशीवं आलं. ते कुणी रविवारी वाचल्याचं मला आठवत नाही. तो माणूस देवाला सांगतो की मी दिवसरात्र तुला हाका मारतोय, माझी माणसं तू माझ्यापासून दूर केलीस, तू तोंड का लपवतोस. मी वाट पाहत होतो की शेवटी "तरीपण" येईल. बाकी बहुतेक रडक्या स्तोत्रांत येतं. यात येत नाही. शेवटच्या ओळीतही अंधारच आहे.

मी पुस्तक तसंच उघडं ठेवलं आणि पहिल्यांदा देवाला बोललो. प्रार्थना नाही म्हणत मी त्याला. प्रार्थना मला येत होती, खजिनदार होतो ना. "हे दयाळू स्वर्गीय पित्या, आजच्या या दिवसासाठी आम्ही तुझे आभार मानतो" पासून "आमेन"पर्यंत अडीच मिनिटं, कुठंही न अडखळता. ती माझी प्रार्थना म्हणजे वेबिल होतं. ड्यूटी संपली, कॅश मोजली, भरली, सही केली, सुटलो. त्या रात्री मी म्हणालो, "तू तिला नेलं ते नेलं, पण मले वाचता येत नव्हतं तवाच काऊन नेलं?" इतकंच. मग बराच वेळ बसलो.

यात "तू" आलं, ते मला दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. आमच्याकडे बापाला "तुम्ही" म्हणतात. माझ्या वडिलांशी मी जन्मात कधी "तू" बोललो नाही, त्यांच्यासमोर खुर्चीवरही बसलो नाही. प्रार्थनेत "तू" रोजच होतं, पण ते छापील होतं, घासून गुळगुळीत झालेलं. हे "तू" भांडणातलं होतं. आणि शास्त्रात आहे की आपण देवाला "अब्बा", म्हणजे बाप, अशी हाक मारतो. येशू गेथशेमाने बागेत स्वतः तशीच हाक मारतो, मरणाच्या आदल्या रात्री, घाबरलेला असताना. ही गोष्ट मी गुड फ्रायडेला साठ वेळा तरी ऐकली असेल.

दुकानदार तुम्हाला हे सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. अक्षर मोठं असलं की एका पानावर मजकूर कमी मावतो, आणि मजकूर कमी मावला की माणूस हळू वाचतो. लुकाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात अम्माऊसची गोष्ट आहे. येशू मेला म्हणून दोघं जण यरुशलेम सोडून निघालेत. अम्माऊस ११ किलोमीटर. एसटीच्या हिशेबाने दोन टप्पे. वाटेत तो स्वतःच त्यांना येऊन मिळतो, पण ते ओळखत नाहीत. गावाजवळ आल्यावर तो पुढे जायचं दाखवतो. इथंच माझ्या पुस्तकात पान संपतं. पान उलटायला मला वेळ लागला, बोट ओलं करावं लागलं, आणि तेवढ्यात मनात आलं, जाऊ देतील का हे त्याला? मागच्या पानावर ते त्याला आग्रह करतात. संध्याकाळ होत आली, दिवस उतरला, आमच्याकडे राहा. तो राहतो. जेवायला बसतात, तो भाकर मोडतो, आणि तेव्हा त्यांना कळतं.

मुक्कामी गाडी ज्याने केली त्याला हे वेगळं समजावं लागत नाही. रात्री साडेनवाला शेवटच्या गावात गाडी लागते, ड्रायव्हर-कंडक्टर दोघंच, सकाळी सहाला परत निघायचं. दिवसभर इंजिनाच्या आवाजात दोघांचं दोन वाक्यं बोलणं होत नाही. रात्री सीटवर आडवं पडलं की सुरू होतं. मुलीचं लग्न, आईचं दुखणं, कुणाचं किती देणं आहे. मधे एक जण गप्प होतो, दुसऱ्याला राग येत नाही. ज्या ड्रायव्हरबरोबर मी नऊ वर्षं मुक्काम केला त्याला माझ्याबद्दल जेवढं माहीत होतं तेवढं सख्ख्या भावाला नाही. आता पहाटे चारला जाग येते, मी कोठीवर दिवा ठेवतो, एक अध्याय वाचतो, बोट ठेवून, आणि मग तसंच बोलतो. आज फवारणी आहे. गुडघा दुखतोय. सूनबाईला फोन करायचा पण ती तुटक बोलते. आणि मग गप्प बसतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की आतापासून मी तुम्हाला दास म्हणत नाही, मित्र म्हटलं आहे. माझ्या अनुभवात तसं खरंच आहे. कुणी विचारलं काय मिळतं, तर पोट भरल्यासारखं वाटतं, एवढंच सांगता येतं. दुःख गेलं नाही. ती गेलेलीच आहे. पण साडेसातला आता फ्रिजचा आवाज येत नाही, किंवा येतो आणि चालतो.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली, ती सांगतो. एकट्याचं इतकं जमायला लागलं की मी रविवारी जाणं कमी केलं. देव इथंच भेटतो तर तालुक्याला कशाला जायचं, बसचं भाडं काय कमी आहे? तेवढ्यात भावाने बियाण्यासाठी पैसे मागितले. मी दोन दिवस प्रार्थना केली आणि देवाने "देऊ नको" सांगितलं असं मला वाटलं. पाळकसाहेब घरी आले तेव्हा मी मोठ्या विश्वासाने सांगितलं. ते चहा पिता पिता म्हणाले, "हे देवानं सांगितलं की मागच्या वर्षीच्या धुऱ्याच्या भांडणानं?" धुरा म्हणजे शेताचा बांध. मी गप्प. पैसे दिले. भावाने अजून परत केले नाहीत, तो भाग वेगळा. तेव्हापासून मी परत रविवारी जातो. घरी एकट्याने बोलायला कुणी अडवत नाही, पण आपलाच आवाज त्याचा म्हणून ऐकू यायला लागतो, आणि ते सांगायला समोर माणूस लागतो.

परत पुस्तकावर येतो. झिप तीन महिन्यांत गेली. आमच्याकडे उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर जातं, त्यात दात वाकतात की कापडच आकसतं, देव जाणे. बाजारातल्या मोच्याने चाळीस रुपयांत दप्तराची झिप लावून दिली, लाल रंगाची. कव्हर काळं आहे. दिसतं वाईट, चालते उत्तम. तळटीपा बारीक अक्षरातच ठेवल्यात, हे मला समजलंच नाही. ज्याला टीप वाचता येते तो मोठ्या अक्षराचं कशाला घेईल? मागचे नकाशेही तसेच, यार्देन नदी मला भिंगाने शोधावी लागली. खूणरिबन एकच आहे आणि आखूड आहे. मी खुणेसाठी जुनं तिकीट ठेवतो, अम्माऊसपाशी एक आणि जक्कयापाशी एक. जक्कय म्हणजे तो जकात वसूल करणारा, बुटका, उंबराच्या झाडावर चढून बसलेला. येशू खाली थांबतो, नाव घेऊन हाक मारतो आणि म्हणतो की आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. लोकांचे पैसे गोळा करणाऱ्या खात्यातल्या माणसाला हे वाचून कसं वाटतं ते मी सांगायची गरज नाही. बत्तीस वर्षांत मला "ओ कंडक्टर" याशिवाय कुणी हाक मारली नाही.

आणखी एक. ६६ पुस्तकं आहेत यात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ वाचायला जाऊ नका. गणना नावाच्या पुस्तकातल्या शिरगणतीत मी अडकलो तो कापूस वेचणी होईपर्यंत निघालो नाही. लूक किंवा स्तोत्रं, तिथून सुरू करा. वाचता वाचता एकदम सगळं समजलंच पाहिजे असं नाही.

पावसाळ्यात पानं दमट होतात, तेव्हा कव्हरात कडुनिंबाची वाळली पानं टाकून ठेवा. उंदरांनी माझ्या पुस्तकाची मागची पाठ थोडी कुरतडली, शिवण अजून पक्की आहे. शिवण मी मुद्दाम पाहिली, दोऱ्याने शिवलेली आहे, नुसती डिंकाने चिकटवलेली नाही. दीड वर्षात एक पान सुटलेलं नाही, त्या कोपऱ्याचं सोडून.

शेजारचे बाबाराव पहाटे पंचायतीसमोरच्या ध्यानाला जातात, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे जुने भक्त. माझा दिवा दिसतो म्हणून मागच्या आठवड्यात आत आले. मी वाचत होतो ते दोन मिनिटं उभ्याने ऐकलं, मग वाकून पान पाहिलं, बोट अक्षराजवळ नेलं पण लावलं नाही.

"इतकं मोठं येते का गा अक्षर?"

"येते ना."

"मले तर आता पोथी दिसतच नाही. पाठ आहे म्हणून म्हणतो. चुकलो तर कोणाले समजते."

मंगळवारी मला नागपूरला डोळे दाखवायला जायचं आहे. बाबारावांनी दोनशे रुपये देऊन ठेवले आहेत, आणि पोथीचं नाव कागदावर नातीकडून लिहून घेतलं आहे, मोठ्या अक्षरात.